अभ्यासपाठ : नामाची पेटी बंद केली तर?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या पाठानंतर एका गुरुभगिनीने एक प्रश्न पाठवला. आजचा सगळा पाठ त्यावरच आहे. त्या लिहितात, "आईंच्या (सासूबाईंच्या) खोलीत छोटा प्लेअर आहे. त्यावर रात्रंदिवस नाम चालू असतं. मुलाची दहावी आहे, त्याला अभ्यास होत नाही. बंद करायला गेलं तर आई म्हणतात, चालू नाम खंडित करू नये, दोष लागतो. खरंच लागतो का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. लागत नाही. बटण बंद करण्यात कसलाही दोष नाही. पण विषय इथे संपत नाही, कारण असला प्लेअर आता जवळजवळ प्रत्येक घरात आहे. कुणाकडे एकच नाम फिरून फिरून म्हणणारी डबी आहे. कुणाकडे 'कारवाँ' आहे. २०१७ साली सारेगामा कंपनीने पाच हजार जुनी गाणी आतच भरून तो काढला, आणि मुलांनी तो आई-बाबांना भेट म्हणून आणून दिला. कुणाकडे आखातातून किंवा बोटीवरून आलेल्या माणसाने आणलेला, कार्ड घालून चित्रही दाखवणारा छोटा पडद्याचा प्लेअर आहे. त्यावर कीर्तनं, आरत्या, प्रवचनं सगळं बघता येतं. वस्तू चांगल्याच आहेत. त्यांच्यासोबत राहायचं कसं, एवढाच प्रश्न आहे.

आता 'खंडित' हा शब्द बघूया. तो आला आपल्या सप्ताहातून. नाव सप्ताह असलं तरी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो चोवीस तासांचा. वास्कोच्या श्री दामोदराचा श्रावणातला सप्ताहही असाच, चोवीस तास अखंड भजन. पण ते अखंड राहतं कशामुळे? माणसं पहारे वाटून घेतात म्हणून. पहाटे तीनला ज्याचा पहारा असतो तो झोपेतून उठून, पावसातून चालत देवळात येतो. आधीचा टाळ खाली ठेवायच्या आत हा आपला टाळ उचलतो. एकाचा गळा बसला तर दुसरा धरून घेतो. अखंडपणा आवाजाचा नाही, एकमेकांसाठी जागं राहणाऱ्या माणसांचा आहे. पेटीला झोप येत नाही, तिचा गळा बसत नाही, म्हणून तिचं चालू राहणं हे व्रत होत नाही. मग बंद होणं हा व्रतभंग कसा होईल?

दासबोधात चौथा दशक नवविधा भक्तीचा आहे. पहिला समास श्रवणाचा, दुसरा कीर्तनाचा, तिसरा नामस्मरणाचा. समर्थांनी तीन गोष्टींना तीन वेगळे समास दिले हे लक्षात घ्या, कारण प्लेअर आल्यापासून आपण या तिन्हींची एकच खिचडी केली आहे. स्पीकरवर नाम लागलं की आपल्याला वाटतं आज नामस्मरण झालं. नाही झालं. फार तर श्रवण झालं, आणि तेही कुणी लक्ष देऊन ऐकलं असेल तर. कीर्तनाला आपला गळा लागतो, स्मरणाला आपलं मन लागतं. ही दोन्ही कामं कार्डात भरता येत नाहीत.

एक गोष्ट आपल्या गोव्यातलीच. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली अमेरिकेच्या दोन 'व्हॉयेजर' यानांवरच्या सोनेरी तबकड्यांवर घालून अंतराळात पाठवली. बाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. त्यांचा आवाज मात्र आज सूर्यमालेच्या पलीकडे प्रवास करतो आहे. पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर ती वाजवायची सुई ठेवली, कशी वाजवायची ते चित्रांनी दाखवलं. सगळी तयारी केली. पण कुणीतरी ती उचलून ऐकेपर्यंत तिथे गाणं नाही, नुसती तबकडी आहे. आपल्या रिकाम्या खोलीतली पेटी वाजत असली तरी ऐकणारा नसेल तर ती याच जातीची.

हे सगळं लिहिण्याआधी आम्ही त्या भगिनीला एकच गोष्ट विचारायला सांगितली होती. आई ती पेटी ऐकतात का? त्यांनी विचारलं. आई बराच वेळ परसात किंवा रांधणीत असतात, पेटी खोलीत वाजत असते. मग चालू कशाला ठेवता, असं विचारल्यावर आई म्हणाल्या, "बाबा गेल्यापासून घर मुकं वाटतं."

म्हणजे प्रश्न नामाचा नव्हताच. दोषाचाही नव्हता. सकाळी सगळी पणजी-म्हापशाला कामाला जातात, नातवंडं शाळा-ट्यूशनला, आणि संध्याकाळी आल्यावर जो तो आपापल्या फोनमध्ये. घरात बोलणारं एकच काय ते उरलं, ती पेटी. तीही सूनबाई बंद करायला आली! अशा वेळी 'आई, त्यात काही दोष नाही' असं शास्त्र सांगून बटण बंद केलं तर ते बरोबर असूनही क्रूरच. आधी त्या खोलीत माणसाचा आवाज गेला पाहिजे, पेटी मग आपोआप हळू होते.

हा त्रास नवा नाही. कानाला लावून एकट्याने ऐकायचा पहिला प्रसिद्ध प्लेअर, सोनी कंपनीचा वॉकमन, जपानात १ जुलै १९७९ रोजी विक्रीला आला. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी 'मेड इन जपान' या आत्मकथनात लिहिलं आहे की चाचणीचं यंत्र त्यांनी घरी नेलं, ऐकत बसले, आणि पत्नीला ते आवडलं नाही, आपल्याला बाहेर ठेवल्यासारखं तिला वाटलं. म्हणून पहिल्या वॉकमनला दोघांचे हेडफोन लावायला दोन भोकं ठेवली. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि एकमेकांशी बोलता यायचं. पुढच्या वॉकमनमधून ते बटण गेलं, कारण लोकांना आपापलं एकट्यानेच ऐकायचं होतं. मग २००१ साली आयपॉड आला, १,००० गाणी खिशात. २००५ पासून त्यात चित्रही दिसू लागलं, आणि २०२२ मध्ये तो बंदही झाला, कारण सगळं फोनमध्ये गेलं. इतक्या प्रवासात ते नारिंगी बटण काही परत आलं नाही. ते आपल्यालाच व्हावं लागतं.

व्हावं लागतं म्हणजे काय करायचं? त्या घरात सध्या असं ठरलं आहे. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी दिवेलागणीला अर्धा तास पेटी. संध्याकाळच्या अर्ध्या तासात घरातलं कुणीतरी एक जण आईंजवळ बसतो, पाळीपाळीने. (गावाचं नावच पाळी, त्यामुळे हे लक्षात ठेवायला सोपं!) पेटी थांबली की दहा मिनिटं आई स्वतः म्हणतात आणि जवळ बसलेला त्यांच्यामागून म्हणतो. दहावीतला मुलगा मंगळवारी बसतो. पहिल्या आठवड्यात कंटाळला, असं त्याची आई प्रामाणिकपणे लिहिते. दुसऱ्या आठवड्यात आजीने त्याला त्याच्या पणजोबांची कसली तरी गोष्ट सांगितली आणि तो तासभर उठलाच नाही.

प्रवचन ऐकण्याबद्दल थोडं. ३२ जीबीच्या एका कार्डात साध्या दर्जाचं पाचशे तासांहून जास्त ध्वनिमुद्रण मावतं. रोज अर्धा तास ऐकलं तरी पावणेतीन वर्षं पुरेल एवढं. इतकं हाताशी असलं की माणूस ऐकत नाही, पुढे पुढे ढकलत जातो. हे माहीत आहे, ते ऐकलंय, पुढचं लाव. श्रवणानंतर मनन आणि मग निदिध्यास, हा क्रम आपण सगळे पाठ म्हणतो. मननाला थांबावं लागतं. म्हणून एकच प्रवचन आठवडाभर घ्या. दहा मिनिटं ऐका, थांबवा, जे ऐकलं ते घरात एकमेकांना आपल्या शब्दांत सांगा. सांगता आलं नाही तर मागे जाऊन तेवढंच पुन्हा ऐका. मागे जायची ही सोय आपल्या आजोबांना नव्हती, तिचा उपयोग करूया.

आणि शक्यतो हे फोनवर करू नका. इंटरनेट नसलेला साधा प्लेअर या कामाला फोनपेक्षा कितीतरी बरा. प्रवचनाच्या मध्येच जाहिरात येत नाही, मेसेज टणकत नाही. जुना प्लेअर कपाटात पडला असेल तर बाहेर काढा. मात्र त्याची बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावू नका. चित्राचं म्हणाल तर पाद्यपूजेचा किंवा उत्सवाचा व्हिडिओ एकदा सगळ्यांनी मिळून डोळे भरून बघावा. प्रवचन मात्र पडदा झाकून ऐकलेलं बरं, डोळे पडद्यावर असले की कान अर्धेच राहतात. लहान मुलाला जेवताना पडदा देऊन त्यावर देवाची गोष्ट लावली म्हणजे संस्कार झाले, हेही मनातून काढून टाका. ते जेवण भरवण्याचं साधन झालं. गोष्ट तोंडानेच सांगा.

इयरफोनवाल्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. जास्तीत जास्त आवाजाच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका. नामाचा आवाज मोठा असला तरी कानाचा पडदा काही सवलत देत नाही. आणि दुचाकीवर कानात काहीही नको, नामसुद्धा नको.

चवथीला यंदा एवढं तरी करूया. आरती स्पीकरवर लावू नका. आपल्याकडे घुमट, शामेळ, कासाळं घेऊन शेजारी घरोघर आरतीला जातात. अजून वाड्यात घुमट वाजवणारे आहेत. येत नसेल त्याने टाळ्या वाजवाव्या. स्पीकरवरची आरती एकदाही चुकत नाही, आणि म्हणूनच मुलांना ती कधी पाठ होत नाही. चुकत चुकत म्हटलेलीच पाठ होते.

शेवटी एक काम. प्लेअरमध्ये पाच हजार गाणी असतील, पण तुमच्या आजीची ओवी, तिची फुगडी, पौषात मांडावर म्हटलेले धालो त्यात नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या. आपल्यालाही आपल्या घरापुरतं हे करता येईल. घरी जुन्या कॅसेट असतील तर याच उन्हाळ्यात कुणाकडून तरी कार्डावर उतरवून घ्या, आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. कार्डाच्याही दोन प्रती ठेवा, आणि अधूनमधून लावून बघा.

पुढच्या गुरुवारच्या बैठकीला प्रत्येक कुटुंबाने घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी एकाचं एक गाणं, ओवी किंवा लहानपणी ऐकलेलं भजन रेकॉर्ड करून आणावं. पाच मिनिटांपेक्षा मोठं नको. गटावर टाकू नका, सगळ्यांचे फोन भरतात. पेन ड्राइव्हवर आणा. रेकॉर्ड करताना पंखा बंद करा आणि मध्ये बोलू नका. ज्यांचा आवाज आहे त्यांना शक्य असेल तर सोबत घेऊन या. बसायला खुर्च्या ठेवल्या आहेत.