कंपल्सरी म्हणजे काय?

आपल्या गावात ज्याला इंग्रजी येत नाही त्यालासुद्धा एक इंग्रजी शब्द येतो. तो म्हणजे कंपल्सरी. शनिवारी पांढरा गणवेश कंपल्सरी, मीटिंगला येणं कंपल्सरी, असं सगळे म्हणतात. मी आजीला अर्थ विचारला तर ती म्हणाली, "सक्ती गं, दुसरं काय!"

आजीचं बरोबर आहे. सक्ती, जबरदस्ती, बळजबरी. पण गुरुजींनी वर्गात त्याची जास्त माहिती सांगितली. ती मी लिहीत आहे.

हा शब्द कंपेल या क्रियापदाच्या घरातला आहे. कंपेल म्हणजे भाग पाडणे. त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ही भाषा फार जुन्या काळी रोममध्ये बोलत. त्या भाषेत मूळ अर्थ एकत्र हाकणे असा आहे, जशी गुरे हाकतात. म्हणजे संध्याकाळी आपला गुराखी करतो तेच! विमानाचा प्रोपेलर हा शब्दही त्याच घरातला. आणि नाडीला इंग्रजीत पल्स म्हणतात, तोसुद्धा. नाडीचा काय संबंध ते मला कळेना. मग मनगटावर बोट ठेवून पाहिलं. आतून कुणीतरी ढकलतंय असं लागतं.

वाक्यात उपयोग : द रेन कंपेल्ड अस टु स्टॉप. पावसाने आम्हाला थांबायला भाग पाडले. म्हणजे कंपेल करायला माणूसच पाहिजे असं नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिन्याला १ रुपया दंड होता. तेव्हा १ रुपया म्हणजे पुष्कळ.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण दिवाळीच्या सुमाराला आमचे आईबाबा ऊसतोडीला जातात. मी मागल्या वर्षी आजीपाशी राहिले. यंदा ते धाकट्या भावाला बरोबर नेणार म्हणतात. तो दुसरीत आहे. मी विचारलं, "गुरुजी, आता दंड किती?"

गुरुजी म्हणाले, २००९ च्या कायद्यात आईबापांना दंड नाही. मुलाला शाळेत घालणे हे त्यांचे कर्तव्य आहे असे लिहिले आहे. पण सक्ती आहे ती सरकारवर. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिकवायचे, दाखल करून घ्यायचे, ते रोज येते का बघायचे, आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे करून द्यायचे. हे सरकारला कंपल्सरी. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे सरकारला पण हाकता येतं!" सगळे हसले. गुरुजीसुद्धा हसले.

घरी जाऊन मी हे बाबांना सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला काय हौस आहे का? मुकादमाची उचल घेतलीया. ती फिटंपर्यंत जावंच लागतं. हे बी लिही तुझ्या कंपल्सरीत." म्हणून लिहिलं. आई म्हणाली, "माघारी पोराकडं बघायचं कुणी? आजीचे गुडघे तर हे असे."

ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात त्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असते. तिथे जेवण मिळते आणि शाळा बुडत नाही. गुरुजी सध्या नावं लिहून घेत आहेत. माझ्या नावापुढे बाबांची सही झाली आहे. भावाच्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे.

शनिवारी पालक सभा आहे. बाबांना वाचता येतं. म्हणून हा कागद दाराजवळ लावा असं मी गुरुजींना सांगितलं आहे.