टी-टेस्ट कुठे लावायची, कुठे नाही?

फायनल इयरच्या बहुतेक रिपोर्टमध्ये "दोन्हींत लक्षणीय फरक आढळला" हे वाक्य असतंच. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, "कशावरून?" उत्तर ठरलेलं: "सर, एक्सेलमध्ये टी-टेस्ट केली." ती टेस्ट तिथे चालते का, हे चार प्रश्नांवरून ठरतं.

१) मोजलंय काय? ताकद, तापमान, मायलेज अशी मापं असतील तर सरासरींची तुलना. पास-फेल अशी नुसती मोजदाद असेल तर काय-स्क्वेअर टेस्ट.

२) तोच नग दोनदा मोजला की नग वेगळे? त्याच दहा मोटरसायकलींचं मायलेज प्लग बदलण्याआधी आणि नंतर घेतलं तर पेअर्ड टी-टेस्ट (एक्सेलमध्ये टाइप १). गाडी-गाडीतला फरक त्यात आपोआप वजा होतो. काँक्रीटचा क्यूब मात्र एकदाच फुटतो, म्हणून तिथे टाइप ३ घ्या. दोन्ही गटांचं व्हेरियन्स सारखं नसलं तरी ती चालते.

३) गट किती? फ्लाय ॲश ०, १०, २०, ३० टक्के म्हणजे चार गट, सहा जोड्या. प्रत्येक जोडीला ५ टक्के चुकीची शक्यता; सहा टेस्ट स्वतंत्र धरल्या तर एकदा तरी खोटा फरक दिसण्याची शक्यता २६ टक्क्यांवर जाते. म्हणून आधी अनोव्हा, मग टुकी.

४) आकडे एका बाजूला कललेत का? मग क्रमांकांवर चालणाऱ्या टेस्ट: दोन गटांना मान-व्हिटनी, जास्त गटांना क्रुस्कल-वॉलिस, जोड्यांना विल्कॉक्सन.

इथे एक खड्डा आहे. आपण दर मिक्सचे तीनच क्यूब फोडतो. तीन विरुद्ध तीनवर मान-व्हिटनी लावली तर क्रमांकांच्या मांडण्या फक्त २०, दोन्ही टोकांच्या मिळून २. म्हणजे पी-व्हॅल्यू ०.१० च्या खाली येऊच शकत नाही, फरक कितीही मोठा असो! टी-टेस्ट थोड्या नमुन्यांसाठीच जन्मली; डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या गॉसेटने ती १९०८ साली 'स्टुडंट' या नावाने मांडली. पण तीनही क्यूब एकाच घाणीतले असतील तर तीही फसते, कारण त्यांतून एका घाणीचीच माहिती मिळते. प्रत्येक मिक्सच्या निदान पाच-सहा वेगळ्या घाणी करा.

ही चार उत्तरं क्यूब कास्ट करण्याआधी वहीत लिहून ठेवा. निकाल हाती आल्यावर पी ०.०५ च्या खाली आणणारी टेस्ट शोधत बसलात, तर त्या पीला काही अर्थ उरत नाही. उद्या साइटवर तेच मिक्स स्लॅबमध्ये जाणार आहे.