माउसचे चाक आणि तीन भाषा

माउसचे चाक फिरवले की पडद्यावरचा मजकूर वर-खाली सरकतो. यात शिकण्यासारखे काय आहे, असे मलाही वाटत होते. पण पालक दिनाच्या प्रदर्शनात याच चाकाने मला चांगला धडा दिला.

आमच्या संगणक क्लबने शाळेतील हुतात्मा माजी कॅडेट्सची नामावली तयार केली होती. प्रोग्राम मी पायथनमध्ये टिकिंटर वापरून लिहिला होता. प्रयोगशाळेतल्या विंडोजच्या संगणकावर तो उत्तम चालला. प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात मात्र लिनक्सचा संगणक मिळाला. एका माजी कॅडेटचे वडील आले. त्यांनी चाक फिरवले, यादी हलली नाही. पुन्हा फिरवले. मग हळूच विचारले, "बेटा, माझ्या मुलाचं नाव यात नाही का?" नाव होते, फक्त खाली होते. मी धावत जाऊन स्क्रोलबार ओढला. ते नावावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मला फार लाज वाटली.

पुढचे काही दिवस सरांच्या मदतीने मी कारण शोधले. चाक तेच असले तरी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम त्याची बातमी प्रोग्रामला वेगळ्या भाषेत देते.

विंडोज : चाक एक खटका पुढे फिरले की अधिक १२० आणि आपल्याकडे फिरले की उणे १२० हा आकडा येतो. १२० हा मोठा आकडा अशासाठी की अधिक बारीक फिरणाऱ्या चाकांना त्याचे भाग पाठवता यावेत. चार वेळा ३० आले की एक खटका पूर्ण होतो.

लिनक्स : एक्स-११ पद्धतीत चाक म्हणजे चक्क बटणे! डावे बटण १, मधले २, उजवे ३. चाक वर फिरवले की बटण ४ दाबल्याची बातमी येते, खाली फिरवले की बटण ५. टिकिंटरच्या मागे असलेल्या टीके ८.६ मध्ये हीच बातमी तशीच प्रोग्रामपर्यंत पोहोचते. मी फक्त 'माउसव्हील'ची वाट पाहत होतो, ती आलीच नाही.

मॅक : इथे टीके ८.६ मध्ये १, २ असे छोटे आकडे येतात. मी आकड्याचे चिन्ह उलटून त्याला १२० ने पूर्णांकात भागत होतो. पायथनमध्ये उणे १ ला असे भागले की उत्तर उणे १ येते, पण अधिक १ ला भागले की शून्य. म्हणजे यादी वर जाणार, खाली कधीच नाही! सरांच्या मॅकवर नेमके हेच दिसले. मॅकवर २०११ पासून सरकण्याची दिशाही मुळातच उलटी ठेवलेली असते. ती वापरणाऱ्याची निवड आहे. सिस्टीम योग्य चिन्ह स्वतःच पाठवते, म्हणून प्रोग्रामने पुन्हा उलटापालट करू नये.

उपाय सोपा निघाला. 'फॉल इन'चा हुकूम कधी बिगुलाने येतो, कधी शिट्टीने, कधी आवाजाने. आपण सगळ्यांचा अर्थ एकच घेतो. तसेच मी एक छोटे फंक्शन लिहिले. बातमी कोणत्याही भाषेत येवो, ते तिचे 'किती पायऱ्या, कोणत्या दिशेने' एवढेच उत्तर करते. विंडोजवर १२० पेक्षा लहान आकडे आले तर ते टाकून न देता साठवते आणि बेरीज १२० झाली की एक पायरी सरकवते. बाकीच्या प्रोग्रामला १२० किंवा बटण ४ माहीतच नाही. शिवाय बाणाच्या कळांनीही यादी सरकेल अशी सोय केली.

आता कोणताही प्रोग्राम दाखवण्याआधी मी तो ज्या संगणकावर चालणार आहे, त्याच संगणकावर तपासतो. "माझ्याकडे चालतो" हे उत्तर त्या वडिलांना मी देऊ शकलो नसतो. पडद्यावर जे दिसत नाही ते पाहणाऱ्यासाठी नसतेच, आणि त्या यादीतले एकही नाव 'नाही' ठरता कामा नये.

जय हिंद!