श्वासचाचणीस नकार

चाचणीच दिली नाही तर पुरावाही उरणार नाही, असे एखाद्या वाहनचालकास वाटणे शक्य आहे. कॅनडाच्या फौजदारी संहितेने मात्र ही पळवाट बंद केली आहे. पोलिसांनी कायदेशीररीत्या मागितलेली श्वासचाचणी सबळ कारणावाचून नाकारणे हाच तेथे स्वतंत्र अपराध होय. चालकाने मद्यप्राशन केले होते, हे त्यासाठी सिद्ध करावे लागत नाही. पहिल्या अपराधास किमान २,००० डॉलर दंड होतो व किमान एक वर्ष वाहन चालविण्यास मनाई केली जाते. दुसऱ्या अपराधास किमान ३० दिवसांचा, तर त्यापुढील प्रत्येक अपराधास किमान १२० दिवसांचा कारावास ठरलेला आहे. मद्यपान करून वाहन चालविण्याच्या पहिल्या अपराधास किमान दंड १,००० डॉलरच आहे.

डिसेंबर २०१८ पासून, चाचणीचे उपकरण जवळ असल्यास, पोलिसांना संशयावाचूनही चाचणी मागता येते. परंतु या अधिकारासही मर्यादा आहे. संशयावरून केलेल्या मागणीच्या एका खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली असा निर्णय दिला की, तत्काळ चाचणी घेण्यासाठी उपकरणच हाताशी नसेल, तर मागणी सामान्यतः अवैध ठरते. आणि अवैध मागणीस दिलेला नकार हा अपराध होत नाही.