मिरजेची ताम्रपटावरील गीता

चीन देशास छापण्याची विद्या फार पूर्वीं अवगत होती. इ. स. ८६८ मध्यें छापलेलें एक बौद्ध सूत्र आजहि उपलब्ध आहे. अकराव्या शतकांत तेथें सुटे खिळेहि झाले. तरी यंत्रयुगांत तो देश शेजारच्या जपानमागें राहिला. विद्या ठाऊक असूनहि ती समाजांत कां रुजत नाहीं, याचा दाखला विद्यार्थ्यांस सांगलीपासून दोन-तीन कोसांवर मिरजेंतच सांपडेल.

पुणें दरबारीं इंग्रजांचा वकील सर चार्लस् मॅलेट होता. त्याच्या प्रेरणेनें नाना फडणविसांनीं एका तांबटाकडून नागरी अक्षरें कोरविण्याचा उपक्रम आरंभिला. १८०० सालीं नाना वारले. पुढें मिरजेचे अधिपति गंगाधरराव पटवर्धन यांनीं त्या कारागिरास आश्रय दिला, आणि १८०५ सालीं तेथें भगवद्गीता छापली गेली.

नवल असें कीं, त्याच सालीं बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम् कॅरे यांचें मराठी व्याकरण निघालें. तें सुट्या खिळ्यांनीं छापलेलें होतें. मिरजेस मात्र अक्षरें तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलीं. एका पानाचा पत्रा दुसऱ्या पानास काय कामाचा? खिळे आज व्याकरणासाठीं जुळवावे, उद्यां सोडवून त्यांचाच इतिहासाचा धडा जुळवावा. अर्थात् जोडाक्षरांमुळें नागरीस शेंकडों प्रकारचे खिळे लागतात. एका ग्रंथापुरता पत्रा कोरणेंच सोयीचें वाटलें असावें. चिनी लिपींत तर हजारों चिन्हें. म्हणून तेथेंहि लांकडी ठसेच शतकानुशतकें चालले.

परंतु आमच्या मतें खरी उणीव धातूची नव्हे, गिऱ्हाइकाची होती. सातारा-सांगलीकडील पंतोजींच्या शाळांत मुलें धूळपाटीवर अक्षरें गिरवीत व पाढे मुखोद्गत करीत. पोथी हवी त्यानें ती नकलून घ्यावी. छापील पुस्तक मागणार कोण? गोमंतकांत १५५६ सालींच छापखाना आला होता, पण तेथील कामहि सतराव्या शतकांतच थंडावलें.

मुंबईंत १८२२ सालीं शाळांस पुस्तकें पुरविणारी मंडळी स्थापन झाली, आणि मागणी उत्पन्न झाली. पुढें गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढलें. सोवळ्या मंडळींनीं चरबीच्या शाईस नाक मुरडलें, तेव्हां त्यांनीं तुपाची शाई केली! पंचांग घरोघर लागतें, आणि तें दरसाल नवें. मिरजेच्या पत्र्यांस असें दरसाल परतून येणारें गिऱ्हाईक लाभलें नाहीं.