जीपचे ‘मिसिंग’ : आधी निदान, मग खर्च
जुनी डिझेल जीप मिसिंग करू लागली, की आपण थेट पंप उतरवतो. ऐन हंगामात आम्हीही तसेच पैसे घालवले. दोष निघाला डिझेलच्या नळीच्या सैल नटात!
प्रथम फिल्टरमधले पाणी काढा, नळ्यांचे नट आवळा. मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले, की स्क्रू आवळा.
तरीही मिसिंग राहिले, तर इंजिन संथ चालू ठेवून, नटावर फडके धरून, एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करून पुन्हा आवळा. ज्याने आवाज बदलत नाही, तोच सिलिंडर बंद. त्याचेच नोझल तपासून घ्या. ते ठीक असेल, तर कॉम्प्रेशन पाहावे.
फवाऱ्यापुढे हात नको, डिझेल कातडीत घुसते. नव्या कॉमन रेल गाडीवर हा प्रयोग मुळीच करू नये.