उसापासून धाग्यापर्यंत

मी वाणिज्य शाखेचा. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, तो पुन्हा जुळला उन्हाळ्याच्या सुटीत, सिल्व्हासाला मामांकडे. मामा तेथे पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यात यंत्रावर आहेत. त्यांनी विचारले, "शिकतोस ना? मग सांग, या धाग्यात कापूस किती?" मी म्हणालो, "निम्मा असेल." मामा हसले. कापूस मुळीच नसतो!

पॉलिएस्टर हे बहुवारिक आहे. मालगाडीला डबे जोडावेत तसे लहान रेणू एकमेकांस जोडून त्याची लांब साखळी होते. येथे डबे दोन प्रकारचे : टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हा शोध १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड व डिक्सन यांनी लावला. हा पदार्थ वितळवून बारीक छिद्रांतून दाबला की धागा निघतो. मामांचे यंत्र त्याला तापवून पीळ देते व सोडते. त्यामुळे धागा कुरळा, फुगीर होतो.

ग्लायकॉल बहुधा खनिज तेलापासून करतात. पण ते मळीपासूनही होते. उत्तराखंडातील काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्सने ते केले आहे. हे वाचले आणि मी चमकलो, कारण आमच्या घरी ऊस आहे. (कन्नडमध्ये मळीला 'काकंबी' म्हणतात. आपली काकवी मात्र वेगळी, ती भाकरीबरोबर खायची!)

मळीत पाणी व यीस्ट घातले की किण्वन होते. साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज व त्यांचे इथेनॉल बनते, कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, म्हणून ऊर्ध्वपातनाने ते वेगळे काढता येते. हवेलीतले आदिवासी मोहाच्या फुलांची दारू गाळतात, तीही याच तत्त्वावर.

आता माझ्या शाखेचा हिशेब. १८० किलो ग्लुकोजपासून फार तर ९२ किलो इथेनॉल मिळते. ८८ किलो वायू जातो. इथेनॉलमधून ३६ किलो पाणी काढले की इथिलीन उरते ५६ किलो. प्रत्यक्षात उतारा याहून कमीच. शिवाय गिऱ्हाईक दुसरेही आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना २००३ साली ज्या नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली, त्यांत दादरा-नगर हवेलीही होती. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. मग धाग्याच्या वाट्याला मळी कोणत्या भावाने येणार?

मामांना फोनवर हिशेब सांगितला. ते म्हणाले, "१२४ किलो तर वायाच गेले की!" मी म्हणालो, "थांबा. ५६ किलो इथिलीनमध्ये हवेतला ३२ किलो ऑक्सिजन आणि ३६ किलो पाणी घातले की ग्लायकॉल किती होते?" पलीकडे बेरीज चालू होती. "१२४," मामा म्हणाले, "पण मग ते पाणी आधी काढलेच कशाला?"